चार हजार शहाण्णव साचे

३ मार्च, सोमवार

मालकांनी सकाळी चहाचा कप स्वतःच्या हाताने माझ्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एरवी ते स्वतःचा कपसुद्धा उचलत नाहीत.

"उपग्रहवाल्यांचा निरोप आलाय," ते म्हणाले. "सेकंदाला बाराशे बिट देणार होते ना? सहाशेच देतायत."

"निम्मे?"

"होऊन जाईल."

मालकांचं 'होऊन जाईल' म्हणजे 'तू करशील'.

सगळं एकदा लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. साधा मोबाइल माणसाच्या आवाजावर सेकंदाला बारा-तेरा हजार बिट, म्हणजे शून्य-एकचे आकडे, खर्च करतो. आम्ही तो आवाज बाराशेत बसवला. त्यात दीड वर्ष गेलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आणि एक ठरत आलेलं लग्न राहून गेलं (त्याचं मला वाईट वाटत नाही, बाराशेचं वाटतंय). आता सहाशे. सहा माणसांच्या घराला एकच पिशवी देऊन आठ दिवसांच्या प्रवासाला धाडावं, तसं झालं.

बंदरातल्या बोटी आठ-आठ दहा-दहा दिवस बाहेर असतात. तिथे फोन चालत नाही. उपग्रहावरून टाइप केलेला निरोप जातो, पण हलत्या बोटीवर, ओल्या हातमोज्यांनी टाइप कोण करणार? म्हणून आमची पेटी. बटण दाबा, बोला, बटण सोडा. इकडे किनाऱ्यावर ऐकू येतं. चौदा तारखेला बोटमालकांची समिती पाहणीला येणार आहे. पसंत पडली तर पन्नास बोटींवर आमची पेटी. नाही पडली तर दुसऱ्या कंपनीची टाइप करायची पेटी, आणि आम्ही तिघं पुन्हा लोकांच्या दारावरच्या घंटा दुरुस्त करायला मोकळे.

तिघं म्हणजे मालक, मी आणि मौनी. मौनी पेट्या बनवतो. दिवसाला साधारण तीन शब्द बोलतो. आवाज कमीत कमी बिटांत कसा बसवावा हे खरं तर त्याच्याकडूनच शिकायला हवं.

आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, समितीत मामा आहे. सगळ्यात जुना बोटवाला, त्याचा शब्द शेवटचा. मामाशी आई सहा वर्षं बोललेली नाही. नव्या बोटीला आपल्या आईचं नाव देईन असं त्याने तिला कबूल केलं होतं, आणि दिलं सासूचं. आई त्याचा उल्लेख 'तो एक बोटवाला' असा करते. माझ्याशी मामा बोलतो, पण असं, की जणू मी पोलिसातून आले आहे.

५ मार्च, बुधवार

घरी आईला समजावून सांगत होते, तेव्हा मलाच नीट समजलं.

"आम्ही आवाज पाठवतच नाही," म्हटलं. "समज, शिंपी परगावी आहे. शर्ट पाठवायला खर्च फार. मग आपण फोनवर नुसती मापं सांगतो आणि तो तिकडे आपल्या जवळच्या कापडाचा शर्ट शिवतो. तसं."

"मग कापड कोणाचं?"

"तेच ना! त्याच्याकडे साचे असतात. आपण फक्त साच्याचा नंबर सांगायचा."

सेकंदाचे पंचवीस तुकडे. प्रत्येक तुकड्याला चोवीस बिट. पट्टी किती उंच, त्याला सहा. जोर किती, त्याला चार. घशातून आवाज निघतोय की नुसता श्वास, त्याला दोन. उरले बारा. बारा बिटांत चार हजार शहाण्णव साचे मावतात. जगातल्या सगळ्या माणसांनी जे काही बोलायचं ते या चार हजार शहाण्णव साच्यांत.

"पुरेत की," आई म्हणाली. "तू तर तीनचारच वापरतेस. 'हं', 'नको', 'नंतर', 'झोपते'."

शिवाय आज मी एक गाळणी केली. समुद्रावर वारा असणारच. वाऱ्यावर बिट कशाला उधळायचे? फुसफुसणारं काही पुन्हापुन्हा आलं की वारा समजायचं आणि गाळायचं. त्या जागी ऐकणाऱ्याच्या कानात हलकी फुसफुस भरायची, नाहीतर लाइन तुटली असं वाटतं. मालक खूश झाले. मौनी म्हणाला, "छान." त्याचा आजचा एकतृतीयांश कोटा माझ्यावर खर्च झाला.

८ मार्च, शनिवार

साचे बनवायला तासन्‌तास स्वच्छ बोलणं लागतं. आमच्याकडे साठ माणसांची जुनी रेकॉर्डिंगं आहेत, पण निम्म्यांत पंखा घरघरतोय आणि उरलेल्यांत कोणीतरी चिवडा खाल्ल्यासारखा आवाज आहे. आठवड्याभरात नवीन माणसं आणायची कुठून? न थकता बोलणारं एकच माणूस माझ्या ओळखीचं आहे आणि ते माझ्याच घरात राहतं.

आईला गाद्या-उशांच्या मधोमध बसवलं आणि शब्दांच्या याद्या दिल्या. काडी, खाडी, गाडी. बार, भार. दोर, ढोर, थोर. आत, हात.

"हे ऐकणार कोण?" तिने विचारलं.

"आम्ही. मग समिती."

"सगळी समिती?"

"सगळी."

ती उठली, केस विंचरून आली आणि घसा साफ केला. आवाजाच्या रेकॉर्डिंगला केस कशाला, देव जाणे.

दोन दिवसांत अकरा तास झाले. आवाज लख्ख आहे, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. तक्रार एकच. ती यादी सोडून बोलते. 'भार' आणि 'भात' यांच्या मध्येच "उपाशीपोटी कामाला जाऊ नये" असं एक वाक्य आहे. दुसऱ्या एका ठिकाणी, "माणसाने कबूल केलेलं विसरावं, पण निदान विसरलो म्हणून तरी सांगावं." कापत बसायला वेळ नाही. साच्यांना वाक्याचा अर्थ कुठे कळतो, असू दे.

१२ मार्च, बुधवार

साचे तयार झाले. सहाशेत बसलं! मालकांना पहिलं वाक्य बोलायला लावलं. मालकांचा आवाज रिकाम्या पिंपासारखा. पेटीतून मात्र सर्दी झालेली आई बोलली.

मौनीला बोलायला लावलं. तो म्हणाला, "ठीक आहे." पेटीतून आई माझ्यावर रुसल्यासारखी म्हणाली, "ठीक आहे."

मी बोलले. पेटीतून आई बोलली, फक्त जरा कंटाळलेली.

चूक कळली. अकरा तास आई आणि तीन तास बाकीचं जग. कापड सगळं आईचंच, मग शर्ट दुसऱ्या कोणाचा होणार? मालकांनी डोक्याला हात लावला. "परवा समिती आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने, बऱ्याच कमी आवाजात, "होऊन जाईल."

१४ मार्च, शुक्रवार

समिती आली. सातजण. खुर्च्या पाच. मामा उभाच राहिला, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

त्यांच्यातल्याच एका तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पेटी घेऊन मागच्या अंगणात पाठवलं. तो बोलेल ते उपग्रहाकडे जाऊन परत येईल आणि आम्ही आत ऐकू. तांडेल धिप्पाड माणूस. तो म्हणाला, "बोटीच्या पंख्यात दोर अडकलाय."

वीस सेकंद शांतता. मग स्पीकरमधून माझी आई ठणकावून म्हणाली, "बोटीच्या पंख्यात ढोर अडकलंय."

पुढची पाच मिनिटं कोणालाच बोलता आलं नाही. एकजण खुर्चीवरून घसरला. एकाने विचारलं, "म्हैस का बैल, तेवढं विचारून घ्या." मालकही हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी टेबलाखाली वायर शोधायचं नाटक केलं.

मामा हसला नाही. "पुन्हा लाव," म्हणाला.

पुन्हा लावलं. पुन्हा ढोर.

"पुन्हा."

पाच वेळा ऐकलं त्याने. चुका मोजत असणार. मग विचारलं, "हा आवाज कोणाचा?"

"कोणाचाच नाही, मामा," मी पटकन म्हटलं. "गणिताचा आहे."

"गणिताचा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "गणित फार करारी आहे तुझं."

समितीचा कल सरळ टाइपवाल्यांकडे होता. पण निघताना मामा म्हणाला, "तीन आठवडे माझ्या बोटीवर लावा. मग सांगतो." बाकीच्यांनी माना हलवल्या. मला नीट कळलंय हे काय आहे. तीन आठवडे चुका गोळा करायच्या आणि मग सगळ्यांसमोर बाहेर काढायच्या. आईवरचा राग माझ्यावर.

१७ मार्च, सोमवार

मामाच्या बोटीवर पेटी बसवली. बोट धक्क्याला बांधलेली होती, तरी मला मळमळलं. मौनीने न बोलता माझ्यासमोर बादली ठेवली आणि न बोलता उचलली.

बोटीच्या नावाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. मामाच्या ते लक्षात आलं.

"घरी कशी आहे तब्येत?" त्याने विचारलं.

"माझी बरी आहे."

"तुझी दिसतेच आहे," बादलीकडे बघत तो म्हणाला.

२२ मार्च, शनिवार

मामा बुधवारी पहाटे बाहेर गेला. तेव्हापासून चार दिवसांत त्याचे एक्केचाळीस निरोप! सगळे एकाच चालीचे. "ऐकू येतंय का? काहीतरी बोला." आम्ही बोलतो. मग, "नीट कळलं नाही. परत बोला." इतकी खोट काढणारा माणूस मी पाहिला नाही. काल मालक वैतागून त्याला वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवत होते. मामाचं उत्तर आलं, "मोठी बातमी वाचा."

मी सगळं वहीत नोंदवतेय. 'स्पष्टता असमाधानकारक, एक्केचाळीस वेळा.'

घरी वेगळाच ताप. आईला आमच्या कामाची भलतीच गोडी लागली आहे. रोज संध्याकाळी विचारते, आज पेटीचं काय म्हणणं? वारा किती होता? लाटा? "वाऱ्याने आवाजात फरक पडत असेल ना, म्हणून विचारतेय." आज म्हणाली, "बोलणारा दमलेला असला तर तुमच्या मशीनला कळतं का?" प्रश्न खरोखर चांगला आहे. तिला वेळेवर शिकायला मिळालं असतं तर ती माझ्यापेक्षा बरी इंजिनिअर झाली असती.

२८ मार्च, शुक्रवार

मामाची बोट आली आणि तो तडक ऑफिसात आला. अंगाला माशांचा वास, दाढी वाढलेली.

"मूळ रेकॉर्डिंग आहे का?" त्याने विचारलं. "पेटीतून येतं ते नको. ज्याच्यावरून बनवलं ते. किती फरक पडतो ते बघायचंय."

मी घाबरत घाबरत लावलं. म्हणजे आता मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून तक्रार करणार. चाळीस मिनिटं ऐकत बसला. काडी, खाडी, गाडी. मी कामाला लागले. मध्येच आईचं ते उपाशीपोटीचं वाक्य गेलं, मग ते कबूल केलेलं विसरण्याचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हटलं होतं कापून टाकू.

मामा उठला. "ही बाई यादी सोडून बोलते."

"हो. तिला सांगितलं होतं मी."

"सांगून ऐकणारी नाही ती."

आणि गेला. चहाला हातही लावला नाही. वहीत लिहिलं, 'तक्रार: निवेदिका यादी सोडून बोलते.'

ठरलं. मामाला आईचा आवाज सहन होत नाही, आणि तो हो म्हणाल्याशिवाय समिती हो म्हणणार नाही. साचे बदलायलाच हवेत. आईचा वाटा कमी, बाकीच्यांचा जास्त. पण नव्या माणसांची जमवाजमव व्हायला वेळ लागेल. तोवर आईलाच दुसऱ्या पट्टीत बोलायला लावून बघते, निदान ओळखू तरी येणार नाही. ती लगेच तयार झाली. बुधवारी ऑफिसात येणार आहे. "मशीन असतं त्याच खोलीत ना?" असं दोनदा विचारलं.

२ एप्रिल, बुधवार

आज लिहिलंच पाहिजे.

सकाळी दहाला आई आली. मामाची बोट सोमवारी पुन्हा बाहेर गेली होती. मी मायक्रोफोन मांडत होते, तेवढ्यात मामाचा निरोप आला. नेहमीचं 'ऐकू येतंय का' असणार म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"विंच फिरला. आचारी," मग फुस, फुस, फुस, "आत गेला. लवकर."

विंच म्हणजे जाळं ओढायचं फिरतं यंत्र. मालक उभे राहिले. बचाव पथकाला फोन लावला. बोट कुठे आहे ते पेटी आपोआप कळवते, त्यामुळे जागा त्यांना लगेच मिळाली. पण पलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आत गेला म्हणजे काय? माणूस पाण्यात पडलाय का? तसं असेल तर शोधनौका पाठवतो, त्यावर डॉक्टर नसतो. जखमी असेल तर डॉक्टरची बोट, ती शोधायच्या कामाची नाही. आत्ता माझ्याकडे माणसं एकाच बोटीपुरती आहेत. कुठली सोडू?"

मी बटण दाबून ओरडले, "मामा, परत सांग! सावकाश!"

उत्तर आलं ते आणखी वाईट. "आचारी," आणि मग नुसती फुसफुस, मग "आत," मग पुन्हा फुसफुस.

"वारा सुटलाय तिकडे," मी म्हटलं. "वाऱ्यात शब्द जातायत. पाण्यातच पडला असणार. शोधनौका सांगा."

मालकांनी फोन तोंडाशी नेला.

"थांबा," आई म्हणाली.

ती कधी उठून स्पीकरपाशी आली ते मला कळलं नव्हतं. "परत लाव ते."

"आई, आत्ता वेळ नाहीये..."

"लाव म्हणते ना!"

लावलं. आचारी. फुस, फुस, फुस. आत गेला.

"हा वारा नाही," आई म्हणाली. "हा तो आहे."

"कोण?"

"तुझा मामा. अडखळतोय. वारा असा मोजून तीनदा फुंकर घालतो का? लहानपणी शाळेत उभं केलं की 'ह'वर असाच अडायचा. ह, ह, ह. पुढचं मी म्हणायचे. 'आत' असतं तर एका दमात म्हणाला असता. हात! आचाऱ्याचा हात गेलाय विंचमध्ये."

मामा अडखळतो? सगळ्या बंदराला दरडावणारा मामा? आईने माझ्या हातातून मायक्रोफोन काढून घेतला. सहा वर्षं. मी बटण दाबलं.

"मी बोलतेय," ती म्हणाली. अगदी सावकाश, यादी वाचावी तशी. "घाई करू नकोस. आचाऱ्याचा हात सापडलाय का? तसं असेल तर 'हो' म्हणू नकोस. 'बरोबर' म्हण."

निरोप जायला-यायला वीस सेकंद लागतात. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा इतका मोठ्याने वाजतो हे मला माहीत नव्हतं.

"बरोबर," पेटी म्हणाली. मग थोडं थांबून, "बरोबर, ताई."

मालकांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर. डॉक्टरची बोट सोडा."

पुढचे अडीच तास आई त्या खुर्चीवरून उठली नाही. फोनवरून डॉक्टर सांगायच्या, आई ते पेटीत बोलायची. हात छातीच्या वर धर. स्वच्छ फडकं घट्ट दाबून ठेव. बांधलेलं सोडून बघू नकोस. त्याला झोपवून ठेव, अंगावर पांघरूण घाल. मालकांनी एकदा तिला विश्रांती द्यायला मायक्रोफोन घेतला, तर तिकडून आलं, "ताईला द्या. तिचंच नीट कळतं." साहजिक आहे. साचेच तिचे. या पेटीतून जगात एकच माणूस शंभर टक्के स्वच्छ बोलू शकतं आणि ते त्या खुर्चीत बसलं होतं.

मामा अडखळला की ती थांबायची. जो शब्द अडला तो ती म्हणायची आणि विचारायची, "हाच ना?" तिकडून, "बरोबर." एकदा मात्र ती म्हणाली, "आणि तू काही खाल्लंयस का सकाळपासून?" डॉक्टरांनी हे सांगितलेलं नव्हतं.

मौनीने मध्येच पेटीची वायर घट्ट धरली, कारण ती हलत होती, आणि अडीच तास तशीच धरून ठेवली. साडेबाराला डॉक्टरची बोट पोचल्याचा निरोप आला. मग तो म्हणाला, "तुमच्या गाळणीने त्याला गाळलं. वाईट वाटून घेऊ नका. मीही छानच म्हटलं होतं." इतकं एका दमात तो पहिल्यांदाच बोलला असेल. माझा बांध फुटला.

३ एप्रिल, गुरुवार

आचाऱ्याची दोन बोटं गेली. हात वाचला. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोन तास उशीर झाला असता तर हातही गेला असता आणि कदाचित माणूसही.

सकाळी आधी गाळणी काढून टाकली. समुद्रावरचा वारा येऊ दे सगळा. त्याच्याबरोबर येणारी माणसंही येतील.

दुपारी मामाची बोट आली. आई माझ्याबरोबर धक्क्यावर आली, "मशीन नीट उतरवतात का बघायला". मामा उतरला. दोघं समोरासमोर.

"दाढी कर," आई म्हणाली.

"करतो," मामा म्हणाला.

सहा वर्षांनंतर एवढंच? मला जरा निराशाच झाली. मग आई बोटीच्या नावाकडे वळली आणि म्हणाली, "अक्षर तरी बरं काढून घ्यायचंस." त्यावर मामाने असं काही उत्तर दिलं, तिने त्यावर असं काही, की अर्ध्या तासाने मी एकटीच पेटी घेऊन ऑफिसात आले. भांडण मिटवायला गेलो होतो ना आपण?

११ एप्रिल, शुक्रवार

समितीने पेटी मंजूर केली. पन्नास बोटी! टाइपवाल्यांचं नावही निघालं नाही. मालकांनी सगळ्यांना चहा दिला, कपही स्वतः विसळले. अट एकच घातली आहे. किनाऱ्यावर ऐकायला एक अनुभवी माणूस बसवा, आणि ते माणूस कोण तेही समितीनेच ठरवलं. बंदरावरच्या नव्या खोलीत, सकाळी आठ ते दुपारी चार. आईने आधी खुर्ची बघितली, मग होकार दिला.

नवे साचेही तयार झाले. चाळीस माणसं: तांडेल, खलाशी, मालक, मच्छी विकणाऱ्या बायका, सगळ्यांचा सारखा वाटा. आता मालक मालकांसारखे वाटतात. दोराचं ढोर होत नाही. तपासणीत शंभरातले एक्याण्णव शब्द बरोबर, आधी चौऱ्याहत्तर होते. एकूणपन्नास बोटींसाठी नवे साचे आनंदाने पसंत झाले.

मामा नको म्हणाला.

"अरे मामा, हे किती स्वच्छ आहे, ऐक तरी!"

"मला जुनंच कळतं."

"पण त्यात सगळ्यांचा आवाज एकसारखा येतो."

"येऊ दे."

गणिताने, आकड्यांनी, तक्ते काढून समजावलं. ऐकेना. आईच्या आवाजाची याला इतकी चीड आणि आता साचे बदलतोय तर नको! हात टेकले. नोंदवहीत लिहिलं, 'बोट क्रमांक एक: बदलास नकार. कारण समजले नाही.'

२८ एप्रिल, सोमवार

आईच्या नोकरीला दोन आठवडे झाले. बोटवाल्यांमध्ये तिचा दरारा आहे. निरोप नीट दिला नाही तर ती परत बोलायला लावते. मामाचं आणि तिचं पेटीवरून रोज वाजतं, आणि आता पन्नास बोटींना ते ऐकू येतं. मालक म्हणाले, काही बोटवाले मुद्दाम त्याच वेळी पेटी चालू करतात.

मला मालकांनी नवीन काम दिलं आहे. उपग्रहवाले म्हणतायत, पुढच्या वर्षी साडेचारशे. होऊन जाईल, म्हणे. त्यासाठी निवांतपणा हवा म्हणून मला आठवडाभर घरूनच काम करायला सांगितलंय.

घर सकाळी आठपासून माझं एकटीचं. कोणी विचारत नाही, झोपलीस का, जेवलीस का, हे काय घातलंयस. कॉलेजपासून मला असंच शांत घर हवं होतं. आज दहापर्यंत झकास काम झालं. मग फ्रिज घरघरतो असं वाटलं, म्हणून तो बंद केला. मग घड्याळ. मग खिडकी लावली. साडेदहाला आणखी शांत झालं आणि एक ओळही पुढे सरकेना.

अकराला बंदरावर गेले. खोलीतल्या मायक्रोफोनचं एक टोक सैल असेल अशी मला शंका आली होती. नव्हतं. तरी नीट तपासायला हवं म्हणून तिथेच कोपऱ्यात टेबल ओढून बसले. आई बोटींशी बोलत होती, मधूनच मला "पाणी पी" म्हणत होती, तांडेलांना दरडावत होती, मामाला काहीतरी सुनावत होती. मी साडेचारशेचे हिशेब मांडत होते. चार वाजले ते कळलंच नाही.

वायर तशी ठीक वाटते आहे, पण खारी हवा, सांगता येत नाही. उद्या पुन्हा बघावी लागेल. परवाही.